नात्याचा रकाना

मिथुनने टॅबवर बोट फिरवलं, परत फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, तुमचं नाव कटलंय."

"कटलंय म्हणजे?"

"कॅन्सल. आजचं पण, आणि शनिवारचं उम्म अल कुवैनचं पण. पुढचं सगळंच." त्याने टॅब माझ्याकडे वळवला. "हे बघा ना, कॅन्सल्ड बाय स्पॉन्सर. काल दुपारी ऑफिसला फोन आला असणार. मला तर आत्ता कळतंय."

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दुबईतल्या बिझनेस बेच्या कालव्यावर, क्लबच्या तरंगत्या धक्क्यावर, लाइफ जॅकेटची तिन्ही बक्कलं लावून, सलवार पोटरीपर्यंत दुमडून आणि चपला काढून मी उभी होते. दोन पावलांवर माझी पिवळी होडी पाण्यावर डुलत होती. माझी म्हणजे क्लबचीच. पण गेले पाच महिने दर मंगळवारी मिथुन तीच काढून ठेवतो, कारण तिची सीट माझ्या पाठीला बरोबर बसते. तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण येता-जाता म्हणतो. ती काय चीज आहे हे मला सदुसष्टाव्या वर्षी त्या प्लॅस्टिकच्या धक्क्यावर अनवाणी उभं असताना कळलं. मी विचारलं, "कोण स्पॉन्सर?" उत्तर माहीत होतं. तरी विचारलं, कारण मला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "वेदांग सर," मिथुन म्हणाला. "तुमचे चिरंजीवच ना ते?"

यात चूक माझी आहे आणि तेच जिव्हारी लागलं. ऑक्टोबरात नाव नोंदवताना फॉर्मवर एक रकाना होता, अडीअडचणीला कुणाला कळवायचं. मी वेदांगचा नंबर लिहिला. त्याच्या पुढे नात्याचा रकाना. तिथे माणूस काय लिहील? शेंबडं पोरही लिहील, मुलगा. मी लिहिलं, स्पॉन्सर. हात आपोआप गेला. १९८६ साली या देशात उतरले तेव्हापासून व्हिसाचा म्हणा, दवाखान्याचा म्हणा, जो कागद पुढे आला त्यावर स्पॉन्सर, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर इथे राहायचं तो, असा रकाना होता आणि त्यात गुणवंतचं, माझ्या नवऱ्याचं, नाव होतं. माझ्या नावापुढे हाउसवाइफ. तीस वर्षांनी गुणवंत रिटायर झाला, आम्ही ठाण्याला परतलो, चार वर्षांपूर्वी तो गेला, आणि मुलाने मला परत इथे आणलं तेव्हा त्याच रकान्यात मुलाचं नाव आलं. रकाना तोच, माणूस बदलला. ज्याला मी नऊ महिने पोटात वागवलं तो आता माझा स्पॉन्सर. असू दे, देशाचा कायदा आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण होडीच्या फॉर्मवर मला हे कुणीही विचारलं नव्हतं. मीच आपल्या हाताने, वळणदार अक्षरात लिहून दिलं की बाबांनो, मला एक मालक आहे. मग मालकाचा फोन आल्यावर त्यांनी नाव कापलं, तर त्यांचं काय चुकलं?

"काकू, सावलीत तरी बसा," मिथुन म्हणाला. हा देवगडकडचा. चाळिशी ओलांडलेला, भरघोस मिशीचा, कुणाशीही वाकडं न बोलणारा माणूस. आधी बारा वर्षं बांधकामावर लोखंडी पाइप उचलले, अजून राहतो अल क्वोजच्या लेबर कॅम्पमध्येच. मी त्याला म्हटलं, "मी इथून हलणार नाही. फोन लाव तुझ्या त्या स्पॉन्सरला. सांग, तुमची बाई धक्क्यावर बसलीय, येऊन घेऊन जा."

"मला कशाला मध्ये ओढता? मॅनेजर बोंबलेल."

"लाव म्हणते ना."

त्याने लावला. "हॅलो सर, कयाक क्लबसे मिथुन. नहीं सर, सेफ हैं. पानी में नहीं, जेट्टीपे हैं. हां सर, गुस्से में हैं." मग मला म्हणाला, "मीटिंग आहे म्हणाले. अर्ध्या तासात येतो म्हणाले."

समोरच्या काठावर, पादचारी पुलाच्या पलीकडे, एकविसाव्या मजल्यावर माझ्या मुलाचं ऑफिस आहे. काच निळी आहे, आत कोण आहे ते दिसत नाही. पण आतून बाहेरचं सगळं दिसतं म्हणे. मी बाकावर बसले. जॅकेट काढलं नाही.

काल रात्री जेवताना त्याने मला विचारलं होतं, "आई, वॉक कसा चाललाय?" मी म्हटलं, "छान चाललाय." त्याने वांग्याची भाजी आणखी वाढून घेतली. मनाली, माझी सून, मोबाइलवर काहीतरी बघत होती. माझी नात इरा पोळीचा रोल करून त्यातली भाजी खाली पाडत होती. सगळं रोजच्यासारखं. आता लक्षात येतंय, काल दुपारी फोन करून झाला होता. सगळं माहीत असून हा माझ्यासमोर बसून वांगं खात होता, आणि मी खोटं बोलते आहे हे बघत होता. बरं, मीही काही धुतल्या तांदळाची नाही. पाच महिने मी घरात सांगत आले की इराला स्कूलबसवर सोडून मी कालव्याकाठी चालायला जाते. एकदा इरा माझ्या ओढणीला नाक लावून म्हणाली होती, "आजी, यू स्मेल लाइक द बीच." मी म्हटलं, वारा असतो गं खारा. विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारलंच नाही. या वयात चोरून करायला दुसऱ्या बायकांकडे काय काय असतं, डॉक्टरने बंद केलेली मिठाई असते, नाहीतर मुलीला गुपचूप केलेला फोन असतो. माझ्याकडे होडी होती. पण चोरीने का करावं लागलं मला? कुणाचं काय वाकडं करत होते मी? मिळवता मुलगा, शिकलेली सून, भाजीत मीठ कमी हवं की जास्त हे मला विचारतात, माझ्या औषधांचा डबा रविवारी भरून ठेवतात, आणि मला पाण्यावर जायचं असेल हे त्यांच्या स्वप्नातही येत नाही. येणार कसं? गुणवंतच्याही आलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या त्या पहिल्या सकाळी मी खरोखरच चालत होते. गुडघे कुरकुरत होते म्हणून या कठड्याशी थांबले तर खाली हा मिशीवाला होड्या धूत होता. नव्या, हलक्या, प्लॅस्टिकच्या, आईस्क्रीमच्या दुकानातल्यासारख्या रंगांच्या. होडीला पिवळा रंग, म्हणजे थट्टाच. आणि वल्हं दोन तोंडांचं. मी वरूनच मराठीत, स्वतःशीच म्हटलं, हे कसलं वल्हं! आणि तो खालून म्हणाला, "काकू, बसून तर बघा." पाणी खारट आहे. समुद्र आणि खाडी जोडायला वाळवंट खणून आणलेलं पाणी, दोन्हीकडे काचेच्या इमारती, तरी त्याला वास आमच्याच खाडीचा. मी बसले. होडी जरा कलली आणि माझं ढुंगण आपोआप डाव्या बाजूला सरकून तिला सावरून बसलं. पंचावन्न वर्षं हे ढुंगण सोफ्यावर, विमानात, लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्यांवर बसलं होतं, आणि ते काही विसरलं नव्हतं. मिथुन बघतच राहिला. म्हणाला, "काकू, तुम्ही होडीवाल्या काय?"

हो. होडीवाल्याची मुलगी. आमच्या गावच्या खाडीवर बाबांची 'तर' होती, माणसं पार नेणारी होडी. या काठावर आमचं गाव, त्या काठावर शाळा आणि बाजार. बाबा माणसं ने-आण करायचे. सातव्या वर्षी वल्हं माझ्यापेक्षा उंच होतं. ते मला पेलायचं नाही, मी त्याला लोंबकळायचे, आणि माझ्या वजनाने ते मागे यायचं. बाबा मागे सुकाणूवर बसून विडी ओढत म्हणायचे, "फुडे बघ गो. पाण्यात काय बघतंस?" दहाव्या वर्षी मी एकटी शाळेची पोरं पार नेत होते. एकदा बाबांना ताप होता तेव्हा चार दिवस सगळी तर मीच चालवली, बाजाराच्या दिवशीसुद्धा, टोपल्या घेतलेल्या बायकांसकट. त्या वयातलं ते सुख म्हणजे पलीकडे पोचण्याचं होतं. होडी वाळूला लागली की करर्र आवाज यायचा आणि मोठी माणसं माझ्या हातून उतरायची. कुणी डोक्यावर हात ठेवायचं, कुणी एखादं केळं द्यायचं. मी स्वतःला गावातला कुणीतरी मोठा माणूस समजत होते, आणि खरं सांगायचं तर चार दिवस मी तशी होतेही.

बाराव्या वर्षी एका सकाळी आई म्हणाली, "मोठी झालंस आता. होडयेर पाय ठेवूचो नाय." बस. इतकंच. होडीला विटाळ होतो. आदल्या दिवशीपर्यंत जी होडी माझ्या हाताशिवाय हलत नव्हती तिला आता माझा पाय चालत नव्हता. त्याच आठवड्यात नारळी पौर्णिमा होती. होडी धुतली, हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि बायकामुलींबरोबर मी काठावर उभी राहिले. बाबांनी नारळ पाण्यात सोडला आणि वल्हं माझ्या भावाच्या हातात दिलं. दौलतच्या. दौलत दहा वर्षांचा, पाण्याला इतका भ्यायचा की होडी मधोमध आली की भडाभडा ओकायचा. त्या दिवशीही ओकला, नवा सदरा घालून. सगळे हसले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, ये गो. ते मूग गिळून बसले. आईचा राग मी कधीच सोडून दिला, तिला तिच्या आईने तेच सांगितलं होतं. बाबांचा अजून सुटत नाही. कारण माझ्या हातात काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. पुढे पूल झाला, बाबांची तर बंद पडली. आता दौलतने खाडीकाठी होमस्टे काढलाय; पाटी लावलीय, बोटिंगची सोय आहे. पर्यटकांना होडीत बसवतो आणि स्वतः काठावर खुर्ची टाकून नारळपाणी पितो. त्याचे फोटो मला व्हॉट्सॲपवर येतात. मी अंगठा दाखवते.

मग मुंबईत काकांकडे राहून बीए झाले, लग्न झालं, आणि इथे आले. तिसऱ्याच दिवशी गुणवंत मला क्रीकवर घेऊन गेला, अब्रात बसवायला. त्या लाकडी बोटी, मधे पाठीला पाठ लावून बसायची फळी, बाजूला कठडा नाही. मी अठ्ठावीस वर्षांची, सोळा वर्षांनी होडीत पाय ठेवत होते आणि इथे कुणाला माझ्या विटाळाचं काही पडलं नव्हतं! मी इतकी हरखले की उठून थेट बोटवाल्याकडे गेले. तो पायाने सुकाणू सांभाळत होता. मी मोडक्या हिंदीत म्हटलं, भैया, थोडा मेरेको देगा? बोटीतले सगळे पुरुष बघायला लागले. गुणवंतने माझं कोपर धरलं आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "खाली बस. लोक बघतायत." वाईट माणूस नव्हता तो. मारलं नाही, ओरडला नाही. फक्त त्याची गोष्ट केली. तीस वर्षं प्रत्येक गणपतीत, प्रत्येक वाढदिवसाला, पाहुणे बसले की तो सांगायचा, "आमच्या हिला दुबईत आल्या आल्या अब्रा चालवायचा होता!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी आतून खरवसाची ताटली आणून ठेवायचे आणि मीही हसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी इच्छा या माणसाने चहाबरोबर वाटली, आणि मी ताटल्या उचलल्या.

आणि आता कुठे, सगळं निस्तरून झाल्यावर, मला ही पिवळी होडी सापडली. हे सुख सातव्या वर्षाच्या सुखासारखं नाही. मला कुठे पोचायचं नाही. पुलाखालून वळायचं आणि परत यायचं. पण जमिनीवर जे गुडघे पावलोपावली माझं वय सांगतात ते होडीत गप्प बसतात. वजन सगळं पाणी घेतं. खांद्यांत जो जुना जोर कुठेतरी पडून होता तो दर मंगळवारी थोडा थोडा वर येतो. वर मोठ्या रस्त्याच्या पुलावरून संध्याकाळी पाणी सोडतात, आणि खालून बोट आली की ते मधूनच पडद्यासारखं थांबतं. मिथुनने मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, पाण्याला कळतं रे, बोट आली की थांबावं. आणि शनिवारी उम्म अल कुवैन होतं. तिथे कांदळवनातून होडी नेता येते, खरा चिखल, खरे बगळे, भरती-ओहोटी. मी महिनाभर दिवस मोजत होते. क्लबने माझा फोटो इंटरनेटवर टाकला होता, आमची सगळ्यात ज्येष्ठ सदस्य म्हणून. त्यानेच घात केला असणार.

वेदांग पुलावरून येताना दिसला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, काळे बूट. अडतीस वर्षांचा, गुणवंतसारखा थोडा पुढे झुकून चालणारा. काठापर्यंत भराभर आला, आणि जिथे पक्की जमीन संपून तरंगता धक्का सुरू होतो तिथे थांबला. "आई," तो तिथूनच म्हणाला, "प्लीज. सीन क्रिएट नको करू. चल घरी, संध्याकाळी बोलू."

"इकडे येऊन बोल."

"मी इथेच ठीक आहे."

"फोन करताना बरी हिंमत होती. काल माझ्यासमोर बसून वांगं खाताना बरी हिंमत होती."

तो चोरासारखा हसला आणि मग हसू गेलं. "तू मला खोटं सांगत होतीस, आई. फाइव्ह मंथ्स! मला कसं कळलं माहितीये? रोनितने ऑफिसमध्ये फोटो दाखवला. डूड, इज दिस युअर मॉम? सगळे वॉव वॉव करत होते आणि माझे हात गार पडले होते. तुला काही झालं असतं तर? हे पाणी चार मीटर खोल आहे, आय चेक्ड. तुझं बीपी, तुझे गुडघे..."

"मला पोहता येतं. चार मीटर काय, मी भरल्या खाडीत पोहले आहे. पोहता येत नाही ते तुला."

"हो," तो म्हणाला. "नाही येत. का नाही येत, आई?"

मिथुनने होडीचा दोर उगाचच सोडून परत बांधला.

"मी तिसरीत होतो. अब्रात. हात पाण्यात घातला होता मी, जस्ट हात. तू सगळ्यांसमोर थोबाडीत मारलीस. पुन्हा पाण्याला हात लावलास तर बघ, म्हणालीस. आणि मग शाळेत स्विमिंग सुरू झालं तर टीचरला चिठ्ठी दिलीस की याचे कान फुटतात. माझे कान कधीही फुटले नव्हते. सगळी मुलं पूलमध्ये आणि मी बेंचवर, फुल युनिफॉर्ममध्ये. चार वर्षं."

मी हे विसरले होते असं सांगितलं तर ते खोटं होईल. विसरले नव्हते, फक्त त्याला वेगळं नाव देऊन ठेवलं होतं. काळजी. आईची काळजी. पण त्या दिवशी तो पोरगा फळीवर पोटावर झोपला होता, हात कोपरापर्यंत पाण्यात, बोटांमधून पाणी फाकत होतं आणि तो स्वतःशी हसत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, कुणी त्याचं कोपर धरलं नव्हतं. गुणवंत तर कौतुकाने बघत होता. मला त्या आठ वर्षांच्या पोराचा हेवा वाटला. इतका जळजळीत हेवा की हात उचलला गेला. आणि मग त्या थोबाडीचं कारण खरं करून दाखवण्यासाठी चिठ्ठी लिहिली. आयुष्यभर मी आईला, बाबांना, गुणवंतला मनात शिव्या देत आले, आणि तेच वल्हं मी याच्या हातून काढून घेतलं होतं. तेही विटाळाबिटाळाशिवाय, नुसतं माझ्या जळण्यापायी. मला स्वतःचा इतका संताप आला की धक्क्यावर पाय आपटावासा वाटला. आणि त्या संतापातून जे तोंडातून बाहेर पडलं ते त्याच्यावरच पडलं.

"आणि तू ऐकलंस?"

"व्हॉट?"

"मी चुकले. मूर्ख होते, दुष्ट होते मी. पण तू ऐकलंस? तेव्हा आठ वर्षांचा होतास, नंतर अठराचा झालास, तिशीचा झालास. कोण अडवत होतं तुला?"

"तुला कोण अडवत होतं?" तो म्हणाला.

हे त्याने ओरडून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो साधेपणानेच म्हणाला. मग बुटाकडे बघत, आणखी हळू, "इराला पण मी घातलं नाहीये स्विमिंगला. मनाली दरवर्षी म्हणते. मी दरवर्षी म्हणतो, नेक्स्ट इयर, इन्शाल्ला."

इरा दहा वर्षांची आहे. दहाव्या वर्षी मी बाजाराच्या दिवशीची तर चालवली होती. मी उठले. "मिथुन, दोघांची होडी काढ."

"काकू, पण नाव..."

"आण इकडे तो टॅब. आधी माझा फॉर्म उघड. तो नात्याचा रकाना. त्यात स्पॉन्सर लिहिलंय ते पूस आणि मुलगा लिही. मुलगा म्हणजे नुसता कळवायला. परवानगी घ्यायला नव्हे. बरोबर?"

मिथुनने वेदांगकडे बघितलं. मी म्हटलं, "त्याच्याकडे काय बघतोस? फॉर्म माझा आहे." त्याने बोटाने पुसलं, मुलगा लिहिलं, माझं नाव परत चढवलं. मी सही केली. मग वेदांगला म्हटलं, "बूट काढ."

"नो वे. आई, आय हॅव अ कॉल ॲट टेन."

"नऊ वाजतायत. काढ."

त्याने वर बघितलं, त्या निळ्या काचांकडे, एकविसाव्या मजल्याकडे. आणि माझा मुलगा, हुबेहूब त्याच्या बापाच्या आवाजात, म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत!" मी ओरडले. इतक्या जोरात की काठावरून पळणारी एक गोरी बाई कानातला इअरफोन काढून बघायला लागली. "चाळीस वर्षं बघतायत, बघून बघून त्यांचे डोळे फुटले का? काढ बूट!"

त्याने कुणाची समजूत घालण्यासाठी काढले मला माहीत नाही. मोजे बुटात नीट कोंबले, ओळखपत्र काढून खिशात ठेवलं, आणि धक्क्यावर एक पाय ठेवला. धक्का हलला. त्याने माझा खांदा पकडला. घट्ट, दुखेल असा. मिथुनने त्याला जॅकेट चढवलं, बक्कलं लावली आणि टॅब पुढे केला. "सर, नवीन माणसाला फॉर्म भरायला लागतो. पोहता येतं का?"

"नो."

"मग सोबत जबाबदार माणूस लागतो. त्याचं नाव आणि सही." मिथुन मिशीतल्या मिशीत काही लपवत होता.

मी टॅब ओढून घेतला. नाव लिहिलं, अनुराधा. त्याच्या खाली तोच रकाना, नातं. या वेळी हात आपोआप गेला नाही. मी थांबले, आणि बोटाने, जमेल तितक्या मोठ्या अक्षरात लिहिलं, आई. मिथुन म्हणाला, "काकू, सिस्टिम इंग्लिश मागते." मी म्हटलं, "मग तिला शिकव."

त्याला पुढे बसवलं, मी मागे. मिथुनने ढकललं. होडी कलली तशी तो दोन्ही कडा धरून ताठ झाला, मानेच्या शिरा दिसत होत्या. "हलू नकोस," मी म्हटलं. "मी सांभाळते." हा नुसता बोजाच होता, ऐंशी किलोचा, एकही वल्हं न मारणारा. मी दातओठ खात वल्हवत होते. चार हात, दहा हात, पुलाची सावली. राग उतरला नव्हता. खांद्यांत होता आणि पाण्याला लागत होता, म्हणून होडी सरळ चालली होती. वेदांग मान वाकवून होडीच्या कडेला बघत होता, हिरव्या पाण्यात.

"फुडे बघ रे," मी म्हटलं. "पाण्यात काय बघतंस?"

त्याने पुढे बघितलं. पुलाखालून बाहेर पडलो, ऊन आलं. मग त्याचा उजवा हात कडेवरून सुटला. आधी मनगट, मग बोटं खाली गेली, आणि पाणी बोटांमधून फाकायला लागलं. माझे दोन्ही हात वल्ह्यावर होते. मी ते तिथेच ठेवले.

"गार आहे," तो म्हणाला.

"पाणी आहे ते," मी म्हटलं. "शनिवारी इराला घेऊन ये."